कारवान की गावठी? पिल्लू बघायला जाण्याआधी घरात करायची कामं

कुत्रं पाळायचं ठरलं की बहुतेक घरांत क्रम उलटा लागतो. आधी पिल्लू येतं, मग त्याच्यासाठी जागा शोधली जाते, मग त्याला फिरवायचं कुणी यावरून वाद होतात. वर्ष भरायच्या आत "चांगलं घर बघून द्यायचं आहे" असा मेसेज ग्रुपवर फिरू लागतो. कोल्हापूर आणि आसपास हे कारवान आणि गावठी या दोघांच्या बाबतीत फार होतं. दोन्ही आपल्याकडचीच, दोन्ही जुनी, दोन्ही काटक, त्यामुळं कुठलंही आणलं तरी चालेल असा समज आहे. तसं चालत नाही. एका घरात शहाण्यासारखं राहणारं कुत्रं दुसऱ्या घरात सगळ्यांना नकोसं होतं, आणि त्यात दोष कुत्र्याचा नसतो.

या लेखात कारवान म्हणजे मुधोळकडचं लांब पायांचं, निमुळत्या तोंडाचं शिकारी कुत्रं. कान-शेपटीवर लांब केस असलेलं पश्मी त्याचंच भावंड. त्यालाही इथलं बहुतेक सगळं लागू आहे. गावठी म्हणजे आपल्या गल्लीतलं, उभ्या कानांचं, वर वळलेल्या शेपटीचं देशी कुत्रं.

पुढचं सगळं एका फरकावर उभं आहे. दोन्ही कुत्री स्वतःच्या डोक्यानं चालतात, पण त्यांचं "न ऐकणं" वेगळं असतं. कारवान नजरेनं शिकार करणारं आहे. लांबवर काहीतरी पळताना दिसलं की त्याला तुमचा आवाज पोचतच नाही. गावठीला तुमचा आवाज नीट पोचतो, पण ते आधी परिस्थिती बघतं: ही जागा कुणाची, हा माणूस कोण, आत्ता ऐकण्यात फायदा आहे का? कारवानासाठी लागतो बंदिस्त मोकळा भाग, गावठीसाठी लागतात घरातल्या सगळ्यांनी पाळलेले एकसारखे नियम. यातलं तुमच्याकडं काय आहे ते आधी शोधायचं.

## टप्पा १: आठ दिवस गेटवर वही ठेवा

घराच्या दाराशी दिवसभरात काय घडतं ते आठवडाभर लिहून काढा. दूधवाला किती वाजता येतो, पेपर कधी पडतो, घंटागाडी कधी येते, मुलांचे मित्र बेल न वाजवता आत येतात का, शेजारच्या काकू मागच्या दारानं येतात का, गेटसमोरून भटकी कुत्री किती वेळा जातात, सगळं लिहा. शेतात घर असेल तर ट्रॅक्टर, गडी, कोंबड्या, शेळ्या, वैरण घेऊन येणारे, सगळ्यांची नोंद हवी.

ही वही गावठीसाठी जास्त महत्त्वाची आहे. गावठी कुत्रं गेटचा हिशोब स्वतः ठेवतं. रोज येणारा दूधवाला त्याला पावलांवरून ओळखू येतो. तो वळणावर असतानाच ते कान टवकारतं, पण जागचं हलत नाही. त्याच्या जागी एखाद्या दिवशी त्याचा भाऊ आला तर अर्धी गल्ली उठेल इतकं भुंकतं. स्वतंत्र बंगला किंवा शेतातलं घर असेल तर हा गुण सोन्यासारखा आहे. राजारामपुरीतल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये, जिन्यालगतच्या फ्लॅटमध्ये, दिवसभर पावलं वाजत असताना तोच गुण तुम्हाला आणि शेजाऱ्यांना छळतो.

कारवान घरात त्या मानानं शांत असतं. दिवसातला बराच वेळ ते झोपून काढतं आणि उगाच भुंकत नाही. म्हणजे "फ्लॅटमध्ये गावठी, बंगल्यात कारवान" हा रूढ हिशोब बरेचदा उलटा पडतो. मोकळं पळण्याची सोय होत असेल तर कारवान फ्लॅटमध्येही नीट राहतं.

तपासा: वहीत बेल न वाजवता येणारे लोक रोजचेच असतील आणि ती सवय मोडणं घरातल्यांना जमणार नसेल, तर गावठीचं पिल्लू आणताना टप्पा ९ आधी वाचा.

## टप्पा २: कुत्रं नसताना पंधरा दिवस चाला

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मला सगळ्यात जास्त भरवसा याच टप्प्याचा वाटतो. ज्या माणसानं कुत्रं फिरवायचं ठरलंय त्यानं पंधरा दिवस सकाळी साडेपाच-सहाला उठून पाऊण तास चालायचं आणि संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. हातात पट्टा नाही, सोबत कुत्रं नाही. पाऊस असला तरी जायचं, आदल्या रात्री लग्नाहून उशिरा आलात तरी जायचं.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पाऊस असतो. जुलैतल्या झडीत बाहेर पडायला जमत नसेल तर दोन्ही कुत्र्यांचे हाल होतात, पण कारवानाचे जास्त. रोजच्या चालण्याखेरीज त्याला आठवड्यातून काही वेळा पूर्ण वेगानं, मोकळं पळायला मिळायला हवं. तेही बंदिस्त जागेत. रंकाळ्याच्या काठावर पट्ट्यानं चालणं हे चालणं झालं, पळणं नव्हे.

चालताना दोन गोष्टी बघून ठेवा. वाटेत भटक्या कुत्र्यांच्या किती टोळ्या आहेत, आणि आसपास चारी बाजूंनी कुंपण असलेली जागा कुठं आहे? एखादी संस्था, मित्राचं बंदिस्त फार्म, भिंत असलेला मोकळा प्लॉट, काहीही चालेल, पण मालकाची परवानगी आधी घ्या. तपोवनसारखं उघडं मैदान यात धरू नका. तिथं पट्टा सोडलेलं कारवान काही सेकंदांत रस्त्यावर पोचतं.

सावधान: "मुलगा फिरवेल" हे ठरवण्याआधी मुलाला हे पंधरा दिवस चालायला लावा. चौथ्या दिवशी उत्तर कळतं.

## टप्पा ३: भिंत, गेट आणि शेताचा बांध

टेप घेऊन कंपाऊंड मोजा. कारवानासाठी भिंत किंवा जाळी निदान सहा फूट उंच हवी, आणि तिला लागून टाकी, विटांचा ढीग, लाकडं असं काही नको, कारण ते त्याची पायरी होतं. मोठं झालेलं कारवान खांद्यापाशी साधारण २६ ते २८ इंच उंच असतं आणि वजन असतं २०-२८ किलो. इतक्या हलक्या अंगाला चार फुटांची भिंत म्हणजे काहीच नाही.

गावठी १५ ते २५ किलोचं. ते उडी मारण्यापेक्षा खालून वाट काढतं. गेटखालची फट, पावसाचं पाणी जायचं भोक, सैल झालेली जाळी शोधा. आपण आठवडाभरात शोधणार नाही ती जागा गावठी पहिल्या दुपारी शोधून ठेवतं.

शेत असेल तर बांधावरून एक फेरी मारा. आपल्याकडं उसाच्या कडेला रानडुकरांसाठी तारा आणि फास लावलेले असतात, काही ठिकाणी त्यात करंटही सोडतात. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगानं पळणाऱ्या कुत्र्याला ती तार दिसत नाही. कारवानाची कातडी पातळ असते. साध्या काटेरी तारेनंही वीतभर फाटते आणि टाके घालावे लागतात. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा या भागात बिबट्याचा वावर आहे. तिथं कुठलंही कुत्रं रात्री अंगणात बांधून ठेवू नका. बांधलेलं कुत्रं बिबट्याला सोपं सापडतं.

कारवान सशामागं सोडायचा विचार मनात असेल तर तो इथंच सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि कुत्रं सोडून केलेली शिकारही शिकारच ठरते. गुन्हा मालकावर नोंदवला जातो.

घर पुराच्या पट्ट्यात असेल, म्हणजे शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, बापट कॅम्प, नागाळा पार्कचा सखल भाग, तर आणखी एक गोष्ट आजच ठरवा. पाणी आलं तर कुत्रं जाणार कुणाकडं? २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी लोकांना घरं घाईघाईत सोडावी लागली. ज्या नातेवाइकांकडं जाणार त्यांना आत्ताच विचारा. "बघू तेव्हा" म्हणजे नाही असं समजा.

तपासा: फ्लॅट असेल तर सोसायटीशी आधीच बोला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण लिफ्ट, जिना, बाग यांचे साधे नियम आपण होऊन मान्य केले तर पुढची भांडणं टळतात. महापालिकेच्या हद्दीत राहात असाल तर कुत्र्याच्या परवान्याची चौकशीही याच वेळी करून घ्या.

## टप्पा ४: आता ठरवा

तीन टप्प्यांची उत्तरं समोर ठेवून, घरातले सगळे एकत्र बसा. रोज कुत्र्याचं करणाऱ्या माणसाचं मत शेवटचं धरा. बहुतेक घरांत ती आई किंवा आजी असते, आणि नेमकं त्यांनाच कुणी विचारलेलं नसतं.

राखणीसाठी कुत्रं हवं असेल तर कारवान नको. ते परक्या माणसापासून लांब राहतं, अंग चोरतं. बरीच कारवानं तर लाजाळूच असतात. त्याची उंची बघून चोर घाबरेल, पण त्या भरवशावर कुत्रं आणू नये. राखण हवी तर गावठी.

कोंबड्या, शेळ्या, मांजर असतील तर गावठीचं पिल्लू त्यांच्यातच वाढवता येतं. लहानपणापासून सोबत वाढलेलं कारवान घरातल्या मांजराशेजारी झोपतंही, पण तेच मांजर अंगणात पळालं की मधली ओळख पुसली जाते. कोंबड्यांच्या बाबतीत तर धोका घेऊच नका.

मोकळं पळवायला बंदिस्त जागा नसेल तर कारवान नको. यात मधला मार्ग नाही. पैसा, हौस, मोठं घर, कशानंही ही उणीव भरून निघत नाही.

लहान मुलं असतील तर दोन्ही चालतात, पण सावध राहा. कारवान झोपेतून दचकून उठतं आणि वेगात वळताना पोरांना पाडतं. गावठीला खाण्याच्या ताटलीशी केलेली खोड खपत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुत्रं पाळत असाल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: मोठं झालेलं, स्वभाव कळलेलं गावठी घ्या.

आणि बोलावलं की धावत येणारं, सांगितलं की बसणारं कुत्रं हवं असेल तर या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. बारा-पंधरा वर्षं एका चांगल्या कुत्र्यावर चिडत राहण्यात कुणाचंच भलं नाही.

सावधान: "दोन्ही आणू, एकमेकांना सोबत होईल" हे नको. एकाच वेळी आणलेली दोन पिल्लं एकमेकांचं ऐकतात, तुमचं नाही. दुसरं आणायचंच असेल तर पहिलं दीड-दोन वर्षांचं होऊ द्या.

## टप्पा ५: पिल्लू बघणं

### कारवान

मुधोळ हे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. कोल्हापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, म्हणून लोक एकाच फेरीत पिल्लू उचलून आणतात. पहिल्या फेरीला पैसे नेऊच नका. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथं चौकशी केली तर निदान चांगला मुधोळ कसा दिसतो हे डोळ्यांत बसतं.

खासगी माणसाकडून घेताना आई बघायला मागा. आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून निघा. आईला चालताना, पळताना बघा. ती माणूस बघून कोपऱ्यात अंग चोरून थरथरत असेल तर पिल्लं कितीही देखणी असली तरी नको, कारण भित्रेपणा रक्तातूनही येतो आणि आईकडं बघूनही शिकला जातो. परक्याकडं लक्ष न देता लांब उभी राहणारी आई मात्र चांगली. कारवान तसंच असतं.

मग पिल्लांजवळ जमिनीवर बसा, थोडं तिरकं, डोळ्यांत न बघता. दहा मिनिटं काही करू नका. त्यानंतर एक फडकं दोरीला बांधून सरपटत न्या. बहुतेक पिल्लं मागं धावतील, ते ठीक. थोड्या वेळानं चार-पाच हातांवर किल्ल्यांचा जुडगा खाली टाका. दचकणं चालेल. दचकून मिनिटभरात परत येऊन जुडगा हुंगणारं पिल्लू घ्या. लपून बसलेलं आणि बाहेरच न आलेलं पिल्लू दया येऊन उचलू नका. गणपतीच्या डॉल्बीच्या गावात त्याचं आयुष्य कठीण जातं.

कुत्र्यांच्या पैदाशीबाबत २०१७ साली केंद्राचे नियम आले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्यानं नोंदणी केलेली असावी लागते. "पाच आठवड्यांचं न्या, लवकर लळा लागतो" असं सांगणारा तुमचं नुकसान करतोय. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून याच आठवड्यांत शिकतं. कागद हवे असतील तर एक लक्षात ठेवा: केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीत ही जात कॅरव्हान हाउंड या नावानं आहे.

### गावठी

यासाठी कुठं जावं लागत नाही. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या माद्या वर्षातून बहुधा एकदाच वितात आणि पिल्लं जास्त करून हिवाळ्यात, दिवाळीपासून संक्रांतीच्या आसपास दिसतात. गल्लीत कुत्र्यांना रोज घालणारं कुणीतरी असतंच. कुठली मादी शांत, कुठली तापट हे त्यांना पक्कं माहीत असतं. आधी त्यांच्याशी बोला.

इथंही आठ आठवडे थांबायचं. पिल्लू वाहनाखाली येईल ही भीती खरी आहे, म्हणून आई आणि पिल्लं सगळ्यांनाच काही आठवडे एखाद्या बंद अंगणात, शेडमध्ये जागा द्या. पिल्लू घेतल्यावर आईच्या नसबंदीचीही व्यवस्था करा. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात तेच चित्र दिसतं.

मोठं कुत्रं घ्यायचं असेल तर तुमच्या गेटपाशी आधीपासून बसणारं बघा. कानाला खाच मारलेली असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. त्याला मुलं चालतात का, गाड्यांमागं धावतं का, हे तुम्ही वर्षभर बघितलेलं असतं. इतकी माहिती कुठल्याच पिल्लाबद्दल कधी मिळत नाही. फक्त रस्त्यावरच्या कुत्र्याला एकदम चोवीस तास घरात कोंडू नका. आधी रात्री आत, मग दुपारी, असं करत महिन्याभरात घराची सवय लावा.

सावधान: पिल्लू "तिखट व्हावं" म्हणून कान-शेपटी कापायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती शुद्ध क्रूरता आहे आणि त्यानं कुठलंही कुत्रं राखणीला चांगलं होत नाही.

## टप्पा ६: आणायचा दिवस

दिवाळीचे फटाके, गणपतीची मिरवणूक, घरातलं लग्न, या आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस सोडा. ऐन जुलैत आणलं तर बाहेरच्या विधीची सवय लागत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम: हवा कोरडी, दिवस बरे, आणि उन्हाळ्याच्या आत लसी पूर्ण होतात. कारवानाच्या अंगावर चरबी नसते, म्हणून थंडीत त्याला गोधडी आणि गार फरशीपासून उचललेली जागा लागते.

घरात याआधी कुत्रं रक्ताची जुलाब होऊन गेलं असेल तर तो बहुधा पार्वो. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने, कधी वर्षभर टिकतो, आणि फिनेलनं मरत नाही. फरशी आधी साबणानं स्वच्छ धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्या. मातीचं अंगण असं धुता येत नाही. तिथं लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रंच आणा.

पट्टा आधी घेऊन ठेवा. कारवानाची मान डोक्याइतकीच रुंद असते, त्यामुळं साधा पट्टा मागं ओढ दिली की सहज निघतो. त्याला रुंद, ओढल्यावर बेताचा आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो. गावठीला नीट बसणारा साधा पट्टा आणि छातीचा हार्नेस पुरतो.

## टप्पा ७: डॉक्टर

दोघांनाही हेच वेळापत्रक: सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरची एकत्रित लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांना, पुढं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बूस्टर आणि दरवर्षी. जंताचं औषध बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला. "गावठीला काही होत नाही" हा गैरसमज आहे. रस्त्यावर किती पिल्लं मरतात ते आपण मोजत नाही म्हणून तसं वाटतं.

कारवानाच्या डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीनं विचारा: त्यांना अशा कुत्र्यांना भूल देण्याचा अनुभव आहे का? नजरेनं शिकार करणाऱ्या अशा सडपातळ कुत्र्यांच्या शरीरात भुलीची काही औषधं, विशेषतः बार्बिच्युरेट प्रकारची, जास्त वेळ राहतात. नसबंदी असो की टाके, हे आधी बोलून घ्यायचं. कारवानाची नसबंदी वाढ पूर्ण झाल्यावर करणं बरं. गावठीची साधारण सहाव्या महिन्यापासून करता येते. नेमकी वेळ डॉक्टर ठरवतील.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड. रोज रात्री कानांच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली हात फिरवा. कुत्रं एकदम सुस्त झालं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर गोचीडतापाची तपासणी त्याच दिवशी करा.

सावधान: पिकावर फवारायचं औषध, रॉकेल, गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावू नका. शेतावरच्या घरांत यानं कुत्री मरतात. माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नका.

## टप्पा ८: ताटली

इथं कोल्हापूरकरांना कळकळीनं सांगायचं आहे. रविवारचा तांबडा-पांढरा आणि ताटातली हाडं कुत्र्याला घालू नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, आणि शिजलेलं हाड सुरीसारखं फुटून आतडं फाडतं. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेटही नको. मटण घालायचं तर फोडणीच्या आधी, बिनमिठाचं, हाडाविना बाजूला काढून ठेवा.

कारवानाच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं थोडी दिसणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. आल्या-गेल्या पाव्हण्यांचं "उपाशी ठेवता काय?" ऐकून त्याला जाड करू नका, जास्त वजनानं त्याचे सांधे आणि वेग दोन्ही जातात. पळून आल्यावर लगेच पोटभर खायला देऊ नका, तासभर थांबा. गावठीचं उलट आहे. ते मिळेल ते खातं, आणि नसबंदीनंतर पटकन सुटतं. घरातल्या पाच जणांनी पाच वेळा दिलेली भाकरी वेगवेगळी दिसते, म्हणून दिवसाची भाकरी सकाळीच एका डब्यात काढून ठेवा. जो कुणी देईल त्यानं त्या डब्यातूनच द्यायचं.

## टप्पा ९: शिकवणं

दोघांनाही मारू नका. दोन्ही जाती मार विसरत नाहीत, आणि मारलेलं कुत्रं जवळ यायचं बंद होतं.

कारवान. पहिल्या दिवसापासून एकच शब्द ठरवा, "ये" किंवा नाव, आणि त्यावर दर वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी घरात, मग अंगणात, मग तीस-चाळीस फुटांच्या दोरीवर बाहेर. खरं कसब हाक कधी मारायची यात आहे. त्याच्याकडं नीट बघा: काही दिसलं की आधी मान वर जाते, कान पुढं टवकारतात, अंग स्थिर होतं, शेपटी थांबते. ते दोन-तीन क्षण तुमचे. तेव्हाच बोलवा. मागचे पाय खाली बसले आणि ते सुटलं की हाकेचा उपयोग नाही. उलट त्या हाकेकडं दुर्लक्ष करायची सवय लागते. उघड्यावर दोरी सोडू नका, कितीही शिकलेलं असलं तरी.

गावठी. याचं शिक्षण गेटवर होतं. पहिल्या टप्प्याची वही इथं कामाला येते. वहीतल्या प्रत्येक माणसाची पिल्लाशी ओळख करून द्या, त्यांच्या हातून खाऊ द्या, चौदाव्या आठवड्याच्या आत जितकी होतील तितकी. भुंकलं की ओरडू नका, आपणही भुंकतोय असंच त्याला वाटतं. शांतपणे गेटपाशी जा, बघा, "बास" म्हणा, आणि त्याच्या ठरलेल्या जागेवर नेऊन तुकडा द्या. घरात एकानं सोफ्यावर घ्यायचं आणि दुसऱ्यानं त्यावरून रागवायचं असं केलंत तर गावठी कुणाचंच ऐकणार नाही.

दोघांपैकी कुणालाही दिवसभर साखळीला बांधू नका. त्यानं कुत्रं राखणीला तयार होत नाही, पिसाळल्यासारखं वागायला लागतं. कायमचं बांधून, न फिरवता ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

तपासा: कुणालाही चावलं किंवा ओरखडलं, घरचं पिल्लू असलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा काळ दोघांच्याही बाबतीत सगळ्यात अवघड. शिकवलेलं विसरल्यासारखं होतं. कारवान दोरी ताणायला लागतं, गावठी ओळखीच्या माणसावरही भुंकून बघतं. कुत्री सोडून देण्याचे मेसेज बहुतेक याच वयातल्या कुत्र्यांचे असतात. या काळात नवीन काही शिकवू नका. दोरी पुन्हा आखूड करा, चिकनचे तुकडे पुन्हा सुरू करा, गेटवरच्या ओळखी पुन्हा करून द्या, आणि सकाळची फेरी एक दिवसही चुकवू नका.